गाणं घरात असलेलं बरं

जानेवारीत हुरड्याच्या निमित्ताने मंगळवेढ्याकडे गेलो होतो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, कणसं भरलेली, आणि पाखरं भिववायला शेतकऱ्याने सुतळीला सीड्या टांगलेल्या. वाऱ्यावर गरगर फिरायच्या, मधूनच डोळ्यांवर तिरीप यायची. पाखरांना त्याची सवय झाली असावी, कारण एक साळुंकी त्याच सुतळीवर निवांत बसली होती. जवळ जाऊन एक सीडी उलटी करून पाहिली. अभंगांची होती. वरची छपाई उन्हाने उडत चाललेली, तरी वाचता येत होतं: गायन, संगीत, पखवाज, हार्मोनियम, टाळ. प्रत्येकापुढे माणसाचं नाव. टाळ वाजवणाऱ्याचंसुद्धा. गायक पंढरपूरकडचे कुणीतरी, मी कधी न ऐकलेले. रानातच फोन काढून शोधलं. माझ्याकडच्या दोन्ही अ‍ॅपवर ना ते नाव, ना ते अभंग.

मालकांना विचारलं, ही एक नेऊ का?

"न्या की. पण तिथं दुसरं कायतरी बांधा, न्हाईतर पाखरं म्हणतील ह्यांचं सपलं."

गाडीत एक बाद झालेली सीडी पडून होती, ती बांधली आणि अभंग घेऊन सोलापूरला आलो.

पार्क चौकात संध्याकाळी आमची पाच-सहा जणांची बैठक असते. तिथं मी ही सीडी दाखवली आणि नेहमीची थट्टा सुरू झाली. सगळं जग फोनमध्ये आलं तरी हा अजून थाळ्या गोळा करतोय! करतोय खरा. आणि माझं म्हणणं असं आहे की आवडीचं गाणं ज्याला खरंच जवळ हवं आहे, त्याने ते तबकडीवर घ्यावं, घरात ठेवावं. डाउनलोडवर आणि अ‍ॅपवर विसंबू नये.

आवाजाचा मुद्दा आधी उरकून घेतो, कारण ह्या वादात सगळे तिथंच अडकतात. सीडी काही जादूची थाळी नाही. तीही डिजिटलच. १९८२ साली ती जपानात बाजारात आली तेव्हाच हिशेब ठरलेला होता: आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणी १६ बिटांत लिहायची आणि ते आकडे १२ सेंटिमीटरच्या थाळीवर सूक्ष्म खड्ड्यांनी उमटवायचे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा आवाज धरून त्याचे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. एमपीथ्रीच्या पहिल्या लाटेत आपण ज्या १२८ किलोबिटच्या फाइली अधाशासारख्या गोळा केल्या, त्यांत ह्याचा अकरावा हिस्सा उरलेला असायचा. बाकीचा कानाला कळणार नाही असं धरून टाकलेला. टाळ वाजला की ते कळायचं. झणकार विरण्याऐवजी फसफसायचा. पण आजची ३२० ची फाइल आणि सीडी डोळे मिटून मला ऐकवलीत, तर ओळखीन अशी पैज मी लावणार नाही. काही अ‍ॅप तर आता सीडीइतकाच भरलेला आवाज देतात. तेव्हा 'सीडीचा आवाज गोड' हे कारण मी कधीच सोडून दिलं.

एलपीवाल्यांचं, म्हणजे सुईवर वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डीवाल्यांचं, वेगळंच. अमेरिकेत २०२२ साली एलपींनी विकल्या गेलेल्या नगांच्या हिशेबात सीडीला मागं टाकलं, १९८७ नंतर पहिल्यांदाच. तिथलं पाहून इकडेही हौशी लोक हजारो रुपये मोजून नव्या एलपी आणतात आणि आवाज 'उबदार' आहे म्हणतात. त्यांनी सोलापुरात एक मे महिना काढावा. आमच्याकडे उबेची टंचाई नाही. माझ्या दोन एलपी पत्र्याच्या खोलीत ठेवल्या होत्या, त्यांचे पापड झाले. मी बोलतोय ते गरीब बिचाऱ्या सीडीबद्दल, जिला कुणी फॅशनही म्हणत नाही आणि जी जुन्या बाजारात दहा-वीस रुपयांना मिळते.

मग आवाज नाही तर काय? ते मला आमच्या गल्लीतच समजलं. मी राहतो पूर्व भागात. भिंतीला भिंत लावून यंत्रमागाचे कारखाने. शेजारच्या कारखान्यात चादरीवरची नक्षी जेकार्डवर निघते. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची लांबलचक माळ फिरत असते. पत्त्याला भोक असेल तिथं ताण्याचा दोरा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. भोक आहे किंवा नाही, बस्स. १८०४ च्या सुमाराला फ्रान्समध्ये जाकार नावाच्या माणसाने बसवलेली ही युक्ती. म्हणजे शून्य आणि एकचा कारभार आमच्या पूर्व भागात संगणकाच्या कितीतरी आधी आला. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, त्यांनी जुन्या नक्ष्यांचे पत्ते दोरीने बांधून माळ्यावर ठेवलेत. धूळ बसलीय, कोपरे उंदरांनी कुरतडलेत. नवीन डिझाइन संगणकावर होतं, अण्णांचा मुलगाच करतो. पण पत्ते टाकत नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाले, "कुणी मोर परत मागितला तर? तवा काय त्या संगणकवाल्याच्या दारात जाऊ?"

पत्ते माळ्यावर आहेत तोवर मोर अण्णांचा. सीडी म्हणजे गाण्याचे पत्ते. डिजिटल की अ‍ॅनालॉग हा वादच मुळी चुकीचा आहे. माळा कुणाच्या घराचा, एवढंच पाहायचं.

'डाउनलोड' ह्या शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, खरीखुरी फाइल, जी तुमच्या संगणकावर येते, जिची तुम्ही कॉपी करता, पेन ड्राइव्हमध्ये टाकून मेहुण्याला देता. दुसरी, अ‍ॅपमधला तो खाली जाणारा बाण. तो दाबला की गाणं फोनमध्ये येतं खरं, पण कुलूप लावून. महिन्याचे पैसे थांबले की किल्ली काढून घेतली जाते. भाड्याच्या घरात आपण आणलेलं कपाट असतं. इथं कपाटही मालकाचं.

पहिल्या प्रकारचा प्रामाणिक धंदा आपल्याकडे झाला होता. फ्लिपकार्टने २०१२ च्या फेब्रुवारीत 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान काढलं. सुटं गाणं विकत घ्या, फाइल उतरवून घ्या, कुलूपबिलूप नाही. २०१३ च्या जूनमध्ये ते बंद झालं. फुकट मिळत असताना पैसे कोण देणार, हे आपणच दाखवून दिलं. त्यानंतर जे आलं ते बहुतेक भाड्याचं. भाडेकरूला मालक कधीही उठवू शकतो. २०२३ च्या मार्चमध्ये करार जमला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली. पुढे जमला, परत आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंक म्युझिक हे अ‍ॅप गुंडाळत असल्याचं जाहीर झालं. ह्यात कुणी लबाडी केली असं नाही. कंपन्यांचे करार संपतात, धंदे बंद होतात. फक्त त्या कराराच्या कागदावर आपली सही कुठंच नसते.

माझं स्वतःचं सांगतो. एका अ‍ॅपवर सहा वर्षं जमवलेली यादी होती, दोनशेच्या वर गाणी. एक दिवस पाहिलं तर मधली मधली नावं करड्या अक्षरांत. दाबलं तर वाजत नाहीत. काही दिवसांनी नावंही गेली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कोणती गाणी गेली हेच मला आठवेना. चोरी झाली तरी भिंतीवर फोटोची पांढरी चौकट राहते.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून एक कायदा लागू झाला. डिजिटल वस्तूच्या बटणावर 'विकत घ्या' लिहायचं असेल, तर हे फक्त वापरायचं परवानापत्र आहे, मालकी नाही, हे विक्रेत्याने गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं. कायमची उतरवून घेता येईल अशी फाइल देणाऱ्यांना मात्र त्यातून सूट. किती साधी गोष्ट! आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २०२३ च्या नोव्हेंबरात ऑनलाइन फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध १३ प्रकार मोजून मार्गदर्शक सूचनाही निघाल्या. त्यांत हा चौदावा घालायला हरकत काय? भाड्याने देताय ना, मग 'भाड्याने घ्या' लिहा. सोलापुरी म्हणून दुसरीकडची चादर खपवली तर आपण भांडतो ना?

आता दुसरी गोष्ट, जी मला मालकीपेक्षाही मोठी वाटते. तबकडीवरचं गाणं बदलत नाही. हिंदी गाण्यांच्या कॅसेटींत 'झंकार बीट्स' नावाचा जो उपद्व्याप झाला तो चाळिशी-पन्नाशीतल्यांना आठवत असेल. जुन्या, निवांत गाण्याच्या पाठीवर ढोलकीयंत्र बसवून द्यायचं. रिक्षात तेच, पानपट्टीवर तेच. पण तेव्हा मूळ रेकॉर्ड ज्याच्या घरी होती त्याच्या घरी मूळ गाणं शाबूत होतं. आज अ‍ॅपवर एक नाव शोधलं की लोफाय, रिव्हायवल, रिमास्टर अशी भुतावळ उभी राहते आणि मूळ कुठलं हे पोराबाळांना कळायला मार्ग नाही. बदल चांगल्या कारणानेही होतो. २०२२ साली लिझो आणि बियॉन्से ह्या गायिकांनी अपंगांना टोचणारा एक शब्द आक्षेपानंतर आपापल्या गाण्यातून काढला. योग्यच केलं. पण अ‍ॅपवर जुनं गेलं, नवं आलं, आणि रात्रीत जणू पहिलं कधी नव्हतंच. जो अधिकार चांगल्या कामाला वापरता येतो तो वाईटालाही येतो, आणि शाहिरांच्या ह्या जिल्ह्यात, बार्शीच्या अमर शेखांच्या जिल्ह्यात, गाण्यातला शब्द सत्तेला कसा टोचतो हे वेगळं सांगायला नको.

आणि नावं. त्या रानातल्या सीडीवरचा टाळकरी माझ्या डोक्यातून जात नाही.

१९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्यांचा कारखाना तेव्हा इथं नव्हता, १९०८ मध्ये कोलकात्यात निघाला. तोवर मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी गायिका स्वतः सांगायची: "माय नेम इज गौहर जान." तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकडीत (हो, आपल्या बांगड्यांचीच लाख) दोन सेकंद स्वतःच्या नावासाठी राखलेले. तबकडी नेहमी न्यायाने वागली असंही नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटाच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. गाणारी होती लता. पण ती चूक छापलेली होती, दिसत होती, म्हणून तिच्यावर बोलता आलं.

आता अ‍ॅप उघडा. चित्रपटाचं पोस्टर, त्याखाली गायक. सोलापूरचे कवी संजीव ह्यांनी मराठी चित्रपटांना किती गाणी दिली, पण ती लागतात तेव्हा त्यांच्या गावच्या माणसालाही पत्ता नसतो. रेकॉर्डच्या गोल कागदावर 'गीत' असं लिहून पुढे 'संजीव' छापलेलं असायचं, तबकडी उचलली की नजर पडायचीच. अ‍ॅपवर तीन ठिपके दाबा, खाली सरका, मग कुठं असलं तर नाव. नाव लपवलेलं नाही, हे मान्य. पण सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेतही पाटी दिसते त्याच दुकानात गर्दी होते.

माझ्या बाजूची पडझडही सांगायला हवी. सीडी अमर नाही. घरच्या संगणकावर आपण ज्या सीड्या 'राइट' केल्या, त्यांतल्या माझ्या निम्म्याहून जास्त आज वाजत नाहीत. त्यांतला रंगाचा थर विटतो. कारखान्यात छापून निघालेल्या मात्र, ओरखडे सोडले तर, ठणठणीत आहेत. फाइल जपणारा जपू शकतो, हेही खरं. शिस्तीने दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवणारा माणूस माझ्यापेक्षा सुरक्षित आहे. पण असा माणूस मी सोलापुरात अजून पाहिलेला नाही. मी स्वतः तर नाहीच. २०१४ साली माझी हार्ड डिस्क एका सकाळी टिक टिक करायला लागली. दुकानातल्या पोराने ती कानाला लावली, डॉक्टरसारखं तोंड केलं आणि म्हणाला, "काका, हेड गेलंय. आत काय महत्त्वाचं होतं का?" हजारो गाणी एका टिकटिकीत. सीडीचं कपाट असं एका झटक्यात मरत नाही. तिसरं गाणं अडकतं, पाचवं उडी मारतं, बाकीची चालू.

आणि उसनवारी! सीडी देता येते, घेता येते, बुडवताही येते. माझ्या दोन सीड्या एका मित्राकडे ११ वर्षं आहेत. तो आता माझा फोनही उचलत नाही. तरी त्या कुठंतरी वाजत असतील ह्यात समाधान आहे.

सगळ्यात जड आक्षेप बैठकीतल्या आमच्या शिक्षक मित्राचा. तो म्हणतो, तुझं हे कपाटवाल्यांचं दुखणं आहे. बिड्या वळणाऱ्या बाईने कधी रेकॉर्ड विकत घेतली होती का? आज तिच्या मुलीच्या फोनवर तेलुगू, कन्नड, मराठी, हिंदी, पाहिजे ते गाणं वाजतंय, तेही जवळजवळ फुकट. हे त्याचं म्हणणं मी खोडणार नाही. चार भाषांच्या ह्या गावात इतकं गाणं इतक्या घरांत कधीच पोचलं नव्हतं. अ‍ॅप बंद करा असं मी म्हणतच नाही, मीही रोज ऐकतो. पण त्या फोनवर जुनं गाणं लागलं की मागं जो खरखराट येतो, तो लक्ष देऊन ऐकावा. ती सुई आहे. कुणाच्या तरी कपाटातली रेकॉर्ड कुणीतरी कधीतरी लावली आणि त्यावरून ते उतरवलं. कपाट नसतं तर फोनात काय आलं असतं?

म्हणूनच हा माझ्या एकट्याच्या हौसेचा प्रश्न राहत नाही. १९५४ च्या कायद्याने देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांत जमा करावी लागते, पुढे वर्तमानपत्रंही त्यात आली. गाण्याच्या तबकडीला हा नियम नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो, म्हणजे त्या मुद्रणापुरतं तरी ते सगळ्यांचं होतं. पण ६० वर्षांनी एकही प्रत शिल्लक नसेल तर सगळ्यांचं काय होणार? मोठ्या कंपनीची, मोठ्या गायकाची गाणी टिकतील, त्यांत पैसा आहे. तालुक्याच्या गावी निघालेली भारुडं, भजनं, भीमगीतं, कलगी-तुरा, आमच्याकडची कन्नड वचनं, हे कोण टिकवणार?

विजापूर वेशीजवळ एका भंगाराच्या दुकानात मी अधूनमधून डोकावतो. मागच्या पावसाळ्यात तिथं गोणीभर कॅसेटी, सीड्या आणि मध्ये काही रेकॉर्डी आल्या होत्या. कुणी गाण्याचे मास्तर वारले, घर रिकामं केलं. दुकानदार तराजूत टाकता टाकता म्हणाला, "काका, ह्ये लोखंडात जात न्हाई, प्लॅश्टिकात बी धड जात न्हाई. डोक्याला ताप." मी जमेल तेवढं घेतलं. तीन पिशव्या. बाकीचं दुसऱ्या दिवशी गेलेलं होतं. आपल्या जिल्ह्यात शासनाचं अनुदान घेणारी वाचनालयं गावोगाव आहेत. त्यांतल्या एखाद्याने जरी एक कपाट, एक चालू प्लेअर आणि एक वही ठेवली, आणि 'घरातल्या रेकॉर्डी-सीड्या भंगारात देण्याआधी आम्हाला दाखवा' अशी पाटी लावली, तर ती गोणी तिकडे गेली असती. मुंबईत रेकॉर्ड जमवणाऱ्यांची संस्था १९९० पासून आहे, म्हणजे हे होऊ शकतं. त्याला इमारत लागत नाही. पाटी लागते, आणि वहीत नीट नोंद करणारा एक माणूस. गायन, पखवाज, टाळ, सगळ्यांची नावं.

हां, प्लेअर. तो खरंच मिळेनासा झालाय. नवी पेठेत जिथं मी सीड्या घ्यायचो तिथं आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. माझा प्लेअर तिसऱ्यांदा दुरुस्त झालाय. कारागिराने लेन्स कापसाच्या बोळ्याने पुसली, पट्टा बदलला आणि 'पुढच्या वेळी आणू नका' असं बजावलं.

रानातली सीडी साबणाच्या पाण्याने धुऊन त्यात घातली. पहिला अभंग लागला नाही. दुसरा लागला. गळा तयार नाही, पण खुला, रानात हाक मारल्यासारखा. पखवाज जरा पुढे आलेला. टाळकऱ्याकडे मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, एकदाही चुकला नाही. चौथा अभंग एका शब्दावर अडकतो, तिथं ज्वारीच्या पात्याचा ओरखडा असावा.

चार दिवसांनी शेतकऱ्याचा फोन आला. "लागली का वो ती?"

लागली म्हणालो.

पलीकडे कुणाशी तरी बोलल्याचा आवाज. मग म्हणाले, "आमची आई म्हनतीय ती तिची हाय. पंढरपुरात घेतली होती. मशीन बिघडल्यावर मीच बांधली रानात, तिला ठावंच न्हवतं. आता म्हनतीय परत आना."

परत द्यायला हवी, तिचीच आहे. पण नुसती सीडी देऊन त्या माउलीने करायचं काय? येत्या रविवारी प्लेअर घेऊनच मंगळवेढ्याला निघालोय. त्यांच्याकडे दुपारी लाईट असते का, तेवढं विचारायचं राहिलं.